आपल्या हायस्कूलचे नामवंत खेळाडू: स्मरणिकेत नक्की कोणाची नावं घालायची?

सड्यावरचा (धागाकर्ता)

मंडळी, शाळेच्या स्मरणिकेचं काम सुरू झालंय आणि "शाळेचे नामवंत खेळाडू" हे पान माझ्या गळ्यात पडलंय. कमिटीने एक कच्ची यादी आधीच हातात दिलीय. पहिलं नाव दिलीप वेंगसरकर, दुसरं रमाकांत आचरेकर सर, तिसरं बाळू पालवणकर. आता मला सांगा, यातला एक तरी माणूस आपल्या शाळेच्या हजेरीपटावर होता का? मी मीटिंगमध्ये तेच विचारलं तर म्हणाले अरे कोकणातलेच ना, मग घाल, पान कसं भरल्यासारखं दिसेल.

माझं म्हणणं एवढंच की पान शाळेचं आहे, जिल्ह्याचं नाही. आपल्या शाळेचा खेळाडू म्हणजे जो आपल्या मैदानावर सांडला, ज्याच्या गुडघ्यात आपल्या जांभ्याची खडी घुसली तो. अशी नावं सांगा (इथे उघड लिहू नका, व्यनि म्हणजे खासगी निरोप करा, लोकांना विचारल्याशिवाय छापायचं नाहीये). आणि आठवणी मात्र इथेच लिहा बिनधास्त.

गाववाला_बोरिवली

वेंगसरकर काढायचे? डोकं ठिकाणावर आहे का? जन्म राजापूर, ६ एप्रिल १९५६. ११६ कसोटी, ६८६८ धावा, १७ शतकं. लॉर्ड्सवर १९७९, १९८२ आणि १९८६ अशा लागोपाठ तीन दौऱ्यांत तीन शतकं, भल्याभल्या इंग्रजांना ते जमलेलं नाही. अशा माणसाचा फोटो पहिल्या पानावर असला तर देणगीदार दोन मिनिटं थांबून बघतो तरी. तुमच्या जांभ्यावर सांडलेल्याला कोण विचारतंय.

माहेरवाशीण

@बोरिवली, देणगीदारासाठी स्मरणिका काढताय की शाळेसाठी ते आधी ठरवा.

आणि जन्मगावाचं म्हणाल तर कोकणात जन्मगावावर विसंबूच नये माणसाने. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम. त्यामुळे मुंबईत गिरणीत नाहीतर ऑफिसात असलेल्या अर्ध्या चाकरमान्यांच्या मुलांचा जन्मदाखला गावचा आणि शाळेचा दाखला परळ-लालबागचा. आमच्याच घरात सहा चुलत भावंडं अशी आहेत. गावात येऊन फक्त रडली, पाटीवर पहिलं अक्षर मुंबईत काढलं. वेंगसरकर दादरच्या शाळेत शिकले, मग ते त्या शाळेचे. राजापूरकरांनी अभिमान जरूर बाळगावा, पण हायस्कुलाच्या पानावर त्यांचं काय काम?

काजूबोंडू

माहेरवाशीण +१

आता विषय निघालाच आहे तर कोकणात जन्मलेले बाकीचेही लिहून टाकतो, म्हणजे कमिटीला कळेल की या हिशेबाने पान नाही, अख्खी पुरवणी लागेल.

उमेश कुलकर्णी, अलिबाग, जन्म १९४२. डावखुरे मध्यमगती. १९६७-६८ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर होते, ४ कसोटी, ५ बळी. आज अलिबागच्या एसटी स्टँडवर उभं राहून दहा जणांना विचारा, एकाला माहीत असेल तर मी चहा पाजतो.

गुलाम परकार, चिपळूणजवळचं काळुस्ते. वाशिष्ठीच्या काठचं गाव. १९८१-८२ च्या रणजीत मुंबईकडून बंगालविरुद्ध सुनील गावस्करांबरोबर पहिल्या विकेटसाठी ४२१, गावस्करांचे ३४० त्याच डावात. सगळ्यांना ३४० लक्षात आहेत आणि समोरच्या टोकाला कोण होतं ते कोणालाच नाही. १९८२ ला इंग्लंडला गेले, लॉर्ड्सवर एकच कसोटी मिळाली, बाकी वनडे खेळले. फिल्डिंग अशी की बघत राहावं असं त्या काळचे लोक सांगतात. (रामनाथ परकार वेगळे, ते १९७२-७३ ला इंग्लंडविरुद्ध ओपनिंगला आले होते. दोघांची दर वेळी गल्लत होते म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

आणि अलीकडचा निखिल नाईक, सावंतवाडीत जन्मलेला विकेटकीपर, महाराष्ट्राकडून खेळला, आयपीएलमध्ये पंजाबकडून उतरला. तो पुण्यामार्गे गेला, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्ग-रायगडचं क्रिकेट महाराष्ट्र असोसिएशनकडे, मुंबई असोसिएशन वेगळी. आपल्याकडच्या पोराला मुंबईकडून खेळायचं तर बिऱ्हाडच मुंबईत हलवावं लागतं, ही खरी गोम आहे.

तिसरीघंटा

अवांतर: जुन्या पुस्तकात मालवणचा माणूस "रत्नागिरी जिल्हा" असा सापडतो, कारण सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. स्मरणिकेत जिल्ह्याच्या स्पर्धांचे निकाल टाकणार असाल तर हे लक्षात ठेवा. १९८१ च्या आधी जिल्हास्पर्धा म्हणजे रत्नागिरी गाठायची, सावंतवाडीहून, दोडामार्गाहूनसुद्धा. त्या काळात जिल्ह्यात दुसरा आलेला मुलगा हा मंडणगडपासून बांद्यापर्यंतच्या पोरांत दुसरा असायचा. आताच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्याशी त्याची बरोबरी लावू नका.

सड्यावरचा

@तिसरीघंटा हा मुद्दा भारी आहे, मी घेतो हा. बाकी सगळ्यांना हात जोडून विनंती, धागा क्रिकेटवरून खाली उतरवा. आपल्या शाळेत सीझन बॉल कधी आला होता का? आला असता तर त्या कातळावर पहिल्या ओव्हरमध्येच चोथा झाला असता त्याचा.

चिऱ्याची_भिंत

पालवणकरांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. यादीत त्यांना "कोकणचे सुपुत्र" वगैरे लिहून मोकळं होणार असाल तर नका घालू. आडनाव पालवण गावावरून, घराणं कोकणातलं, पण माणूस वाढला पुण्यात. चांभार समाजातला पोरगा, तिथल्या जिमखान्यावर खेळपट्टीची देखभाल करायचा आणि नेटमध्ये इंग्रज साहेबांना बॉलिंग टाकायचा, बॅट मात्र क्वचितच हातात मिळायची. हिंदूंच्या संघात (तेव्हा मुंबईत धर्मावरून संघ असायचे) घेतलं तेही इंग्रजांना हरवायला दुसरा तसा डावखुरा फिरकीवाला नव्हता म्हणून. आणि घेतल्यावरही चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या कपात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले त्यांनी, १८.८४ च्या सरासरीने, संघ सपाटून हरत असताना. तरी हिंदूंचं कॅप्टनपद त्यांना मिळालं नाही ते नाहीच, ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये.

तेव्हा हा माणूस कोणत्याही शाळेचा नाही. त्याला शाळेने घेतलं नाही, मैदानाने घेतलं, तेही अर्धवट. आता शंभर वर्षांनी आपण "आमचे, आमचे" म्हणत पुढे यायचं हे मला तरी बरं दिसत नाही.

गाववाला_बोरिवली

बरं ते राहू दे. आचरेकर सर तरी? मालवणातच जन्म, १९३२. द्रोणाचार्य १९९०, पद्मश्री २०१०. सचिन, कांबळी, आमरे, आगरकर, नावं संपत नाहीत.

चिऱ्याची_भिंत

आचरेकर सर थोरच. पण ते शिवाजी पार्कचे. स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, स्टेट बँकेकडून मोईन-उद-दौला स्पर्धेत, हैदराबादविरुद्ध. घालायचेच असतील तर आपल्या पीटीच्या सरांच्या बाजूला घाला, शिक्षक म्हणून. खेळाडूंच्या पानावर नको.

आंबेराई

अरे बाबांनू, वेंगसरकर मोठे आसत, आचरेकर मोठे आसत, नाय कोण म्हणता? पण आमच्या वर्गात एक झील होतो, खारवाड्यातलो, पंधराशे मीटर अनवाणी धावायचो. सकाळी पुळणीर धावान मगे शाळेत येयचो, पायाक रेव तशीच. जिल्ह्याक पयलो इलो, बक्षीस काय तर स्टीलचा ताट! बूट कोणी दिल्यानी नाय. विभागाक गेलो थंय सगळी पोरां स्पाईक घालून आणि ह्यो एकटो अनवाणी, तरी चौथो इलो मेलो. आता ट्रॉलरार आसा. तेचा नाव घाला आधी. मी विचारतंय तेका.

सड्यावरचा

@आंबेराई हेच हवं होतं मला!! नक्की विचारा, आणि त्या ताटाचा फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं. मागच्या बाजूला बहुतेक स्पर्धेचं नाव आणि साल कोरलेलं असेल.

पालघर_लोकल

मी तुमच्या शाळेचा नाही, उत्तरेकडचा आहे, पण राहवत नाही म्हणून लिहितो. छोट्या गावातून निघालेला म्हणून आम्ही ज्याचं नाव घेतो तो शार्दुल ठाकूर. ब्रिस्बेनला जानेवारी २०२१ मध्ये ६७ धावा, वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ ची भागी आणि सामन्यात ७ विकेट, नंतर २०२२ ला जोहान्सबर्गला ६१ धावांत ७. आता त्याची शाळा कुठली? आधी बोईसरला होता, पण हॅरिस शील्ड या मुंबईच्या शालेय स्पर्धेत एका ओव्हरला सहा सिक्स मारल्या त्या बोरिवलीच्या शाळेकडून. दिनेश लाड सरांनी त्याला तिकडे नेलं आणि स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, कारण रोज पालघरहून किट घेऊन लोकलने जाणं-येणं म्हणजे खेळण्याआधीच पोरगं गळून जायचं. तर श्रेय कोणाचं? माझ्या मते दोन्ही शाळांचं, पण बोईसरने त्याला ओळखलं म्हणून बोरिवलीपर्यंत तो दिसला. तुमच्या यादीतही असा एखादा असेल जो आठवीपर्यंत तुमच्याकडे होता आणि नंतर कोल्हापूर-पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. त्याला गाळू नका.

माहेरवाशीण

ठीक आहे, आता मी मुलींच्या कबड्डीबद्दल लिहिते, कारण कमिटीच्या यादीत एकही बाई नाही हे मी बघितलंय. मोठा प्रतिसाद आहे, सहन करा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमच्या पीटीच्या सरांनी सतरा वर्षांखालच्या मुलींचा संघ काढायचं ठरवलं तेव्हा पहिला प्रश्न आला कपड्यांचा, हाफ पँट घालून मुली मैदानात उतरणार म्हटल्यावर दोन पालक शाळेत येऊन बसले. सरांनी वाद घातलाच नाही, ट्रॅकपँट घाला म्हणाले, पंचांशी मी बोलतो. आमच्यात निम्म्या मुली खारवाड्यातल्या होत्या, पहाटे लिलावाला आईबरोबर टोपल्या उचलून येणाऱ्या, त्यांच्या मनगटात जे बळ होतं ते आम्हा बामणवाडी-वाणीआळीतल्या पोरींत कुठून येणार. एकीने पायात सूर मारून घोटा धरला की चढाईवाली जागच्या जागी बसायची. ती आमचा उजवा कोपरा. आणि कॅप्टनही तीच.

शालेय स्पर्धा पावसात सुरू होतात हे कोकणातल्या पोरांचं दुर्दैव. ऑगस्टमध्ये आमचं मैदान म्हणजे लाल चिखल, फक्की मारली की दहा मिनिटांत धुऊन जायची, मग सरांनी काथ्याची दोरी खुंट्या ठोकून ताणून घेतली आणि त्याच आमच्या मध्यरेषा आणि निदानरेषा. पाय अडकून पडायचो पण रेषेचा अंदाज असा पक्का बसला की मॅचमध्ये खाली बघावंच लागायचं नाही. तालुका जिंकला, जिल्हा जिंकला. विभाग म्हणजे कोल्हापूर, कारण खेळात रत्नागिरी-सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात येतात, सांगली साताऱ्याबरोबर. फोंडा घाटाने एसटी चढली आणि अर्ध्या संघाने खिडकीतून मान बाहेर काढली. उतरलो तेव्हा कोणाच्या पोटात अन्नाचा कण नाही. समोर सांगलीच्या मुली, आमच्यापेक्षा वीतभर उंच, सगळ्यांच्या पायात बूट.

पहिल्या हाफला आमच्यावर लोण बसला, म्हणजे आम्ही सगळ्याच्या सगळ्या बाद. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या कॅप्टनने लागोपाठ तीन पकडी केल्या, आम्ही लोण परत केला आणि शेवटी एका गुणाने हरलो. एका गुणाने! त्यांच्या सरांनी येऊन तिच्याबद्दल चौकशी केली, कोल्हापूरला ठेवा म्हणाले, होस्टेलची सोय होईल म्हणाले. तिच्या घरी कोणी तयार झालं नाही. दहावीनंतर लग्न. आज तिची सून बचत गट चालवते आणि ती स्वतः बाजारात बसते, भाव कमी करायला गेलात तर अजून मनगट धरते.

राज्यापर्यंत गेलो असतो तर दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळाले असते, पुढे सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण तरी मागता आलं असतं. विभागाला हरलेल्या संघाला प्रमाणपत्रावर सहभाग एवढंच लिहून येतं. तेव्हा "नामवंत" कोण, ते प्रमाणपत्रं बघून ठरवणार असाल तर आमचा संघ त्यात बसत नाही, आणि मला वाटतं शाळेचा आजवरचा सगळ्यात चांगला संघ तोच होता.

काजूबोंडू

काय लिहिलंय. हा प्रतिसाद जसाच्या तसा छापा.

तिसरीघंटा

+१००

बॉक्समधला

आणि आम्ही काय पाप केलंय? अंडरआर्म आणि टेनिस बॉलवाल्यांना कोणी खेळाडू धरतच नाही. शिमग्यानंतर गावोगावी बक्षिसं लागतात, मुंबईहून पोरं खास रजा टाकून एका रात्रीच्या मॅचसाठी येतात. २०२४ मध्ये ठाण्याच्या स्टेडियममध्ये आयएसपीएल झाली, टेनिस बॉलची, टीव्हीवर लाइव्ह, तेव्हा कुठे लोकांना कळलं की यात पण काहीतरी आहे. आपल्या शाळेतल्या एका बॅचमधली चार पोरं अजून मंडळाच्या टीममध्ये खेळतात, चाळिशी उलटली तरी.

चिऱ्याची_भिंत

@बॉक्समधला ते मंडळाच्या स्मरणिकेत घाला, मंडळाकडे पैसा पण जास्त आहे :)

बॉक्समधला

हसा. शाळेला गेल्या वर्षी कंपाउंडची भिंत कोणी बांधून दिली ते विचारा.

पुळणीवरून

धागा छान चाललाय. दोन खेळ राहिले ते सांगते. खो-खो आणि कॅरम. रत्नागिरीत या दोन्हीचं वातावरण किती तयार झालंय बघा. महाराष्ट्राच्या खो-खो संघात ऐश्वर्या सावंत, अपेक्षा सुतार अशी रत्नागिरीची नावं दिसली. कॅरममध्ये रियाझ अकबरअली आणि आकांक्षा कदम. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, भारताच्या महिला आणि पुरुष दोघांनीही नेपाळला हरवून जिंकला, त्या रात्री मी माझ्या मुलीला बसवून मॅच दाखवली. तर तिचा पहिला प्रश्न काय, आई हे मॅटवर का खेळतायत, आमच्या शाळेत तर माती आहे.

मॅटवर वळण घेणं आणि मातीत वळण घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक. मातीत पाय सरकवून खांबाला वळता येतं, मॅटवर पाय चिकटतो आणि गुडघा जातो. राज्य पातळीवर सगळं मॅटवर गेलं आणि गावच्या शाळा मातीवरच राहिल्या, मग निवडचाचणीत पोरी पहिल्याच डावात अडखळतात. रत्नागिरी शहरातल्या मुलींना क्लबात सराव मिळतो, तालुक्याच्या गावात तो क्लबच नाही. आणि आपल्या शाळेत पीटीचे सर निवृत्त झाल्यापासून पीटीचा तास गणिताला जातो, हेही स्मरणिकेत लिहा जमलं तर.

सड्यावरचा

लिहितो. कापलं तर कमिटीने कापलं.

आता कामाचं बोलतो. माझी खरी अडचण अशी आहे की लेखी पुरावा कुठेच नाही. जुनं खेळाचं रजिस्टर ऑफिसात सापडत नाही, एका पावसाळ्यात छप्पर गळलं तेव्हा कपाटातलं अर्धं सामान भिजून फेकलं गेलं असं शिपाईमामा सांगतात. प्रमाणपत्रं ज्याची त्याच्या घरी. मग साल कुठून लावायचं?

तिसरीघंटा

फिरत्या ढाली बघितल्या का? तालुक्याच्या फिरत्या ढालीवर दर वर्षी जिंकलेल्या शाळेची छोटी पत्र्याची पट्टी ठोकतात, त्यावर साल, खेळ आणि गट असतो. ढाल आता ज्या शाळेकडे असेल तिथे जाऊन नुसता फोटो काढून आणा, तीस-चाळीस वर्षांचे निकाल एका फळीवर मिळतील. जिंकणाऱ्यांची नावं नसतात हे खरं, पण साल कळलं की त्या सालच्या दहावीच्या ग्रुप फोटोवरून माणसं ओळखता येतात.

दुसरं, एखाद्याला नोकरीत खेळाडू म्हणून घेतलं असेल तर त्याची प्रमाणपत्रं जिल्हा क्रीडा कार्यालयातून पडताळून घेतलेली असतात. पोलिसात आणि एसटीत गेलेले आपले चार-पाच जण आहेत, त्यांच्याकडे फाइल व्यवस्थित असणार.

सड्यावरचा

ढालीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कबड्डीची ढाल शेजारच्या गावच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये आहे हे मला माहीत आहे, कारण ती त्यांनी गेली कित्येक वर्षं कोणाला जिंकूच दिलेली नाही. सोमवारी जातो.

तर सध्या असं ठरवतोय. मुख्य पानावर फक्त हजेरीपटावर नाव असलेले, मग ते तालुक्यापर्यंत गेलेले असोत की राज्यापर्यंत. मुलींच्या कबड्डी संघाला स्वतंत्र पान, माहेरवाशीणताईंच्याच शब्दांत. आठवीनंतर शाळा सोडून गेलेले पण धरतोय, पालघरवाल्यांचा मुद्दा पटला. टेनिस बॉलवाल्यांना एक चौकट. (बॉक्समधला, भिंतीबद्दल आभार, पण चौकटच.) वेंगसरकर, गुलाम परकार, उमेश कुलकर्णी आणि आचरेकर सर यांची शेवटी अर्ध्या पानाची नोंद, "कोकणात जन्मलेले" अशा स्पष्ट शीर्षकाखाली. पालवणकरांवर चिऱ्याची_भिंत यांनी वेगळा लेख द्यावा, जमेल तेवढा मोठा.

गाववाला_बोरिवली

अर्धं पान?? वेंगसरकरांना अर्ध्या पानात चौथा हिस्सा? मी कमिटीत हा विषय काढणार.

माहेरवाशीण

काढा. मी पण येतेय त्या मीटिंगला, आणि येताना आमच्या उजव्या कोपऱ्याला घेऊन येतेय.

आंबेराई

ट्रॉलरवाल्याक विचारलंय. ताट आसा, आयशीन अजून वापराक काढूक नाय. नाव घाला म्हणता, पण फोटो आताचो नको, तेव्हाचो घाला, तेवा केस होते.